सेंदाईच्या पोरीची निळी पिशवी

त्या सेंदाईच्या पोरीवर माझी पहिल्या दिवसापासून नजर होती. डोंगरापलीकडच्या सेंदाई शहरातून आलेली, नाव अकुत्सू, वय पंचविशीचं, बोलणं नको तितकं गोड. एप्रिलमध्ये आमच्या खोक्यांच्या कारखान्यात लागली आणि ऑक्टोबरात थेट माझ्या हंड्यापर्यंत पोचली.

आमच्या यामागाता भागात शरद लागला की सगळी ऑफिसं नदीकाठी दगडांची चूल मांडून अळकुड्यांचा रस्सा करतात. आमच्या कारखान्याचा बावीस वर्षं मीच करतेय. बीफ, सोया सॉस, जाड चिरलेला लांब कांदा, बस्स. डाव माझ्या हातात असतो आणि माणसं वाट्या घेऊन माझ्यापुढे रांग लावतात. नवरा गेल्यापासून वर्षातला तेवढाच एक दिवस माझ्यावाचून कुणाचं तरी अडतं.

यंदा साहेबांनी खर्चाला निम्मी कात्री लावली. वर म्हणाले, कुनिएबाई, अकुत्सूला सोबत घ्या, तरुण डोकं आहे, स्वस्तात बसवेल. म्हणजे माझ्या डोक्यात काय भुसा भरलाय? पण मान डोलावली.

स्वस्तात म्हटल्यावर मनात पाल चुकचुकली. सेंदाईची माणसं हंड्यात डुकराचं मांस टाकतात आणि वर मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा, कालवतात. डुकराचं मांस स्वस्त. पोरगी वही घेऊन हिंडायची, एकेकाला कोपऱ्यात गाठून काहीतरी विचारायची आणि मी दिसले की वही बंद. मला मात्र एका शब्दानं विचारलं नाही. ड्रायव्हर शिशिदोकाका वर्षाकाठी दहा वाक्यं बोलणारे, तेसुद्धा तिच्याशी बोलताना चक्क हसले. काकांनाही फितवलं बयेनं.

आणि सगळं जुळतही कसं गेलं! अळकुड्या कुणाच्या तरी मामाच्या शेतातून फुकट आल्या, सरपणाला गोदामातल्या मोडक्या फळ्या मिळाल्या. बीफलाही पैसे पुरले. माझा काही विश्वास बसेना. कुठेतरी पाणी मुरतंय, म्हटलं.

शनिवारी सकाळी ती नदीकाठी आली ती खांद्याला निळी पिशवी लटकवूनच. ती पाणी आणायला गेली तशी मी पिशवीची चेन उघडली. आत डुकराचं मांस आणि मिसोचा डबा. पिशवी उचलली, माझ्या गाडीच्या डिकीत टाकली आणि कुलूप लावलं. आता घाल म्हटलं मिसो.

हंडा रटरटला, रांग लागली, मी खुशीत वाढत होते. अकुत्सू चटया उचलून बघत होती, खोक्यांमागे वाकत होती. मी साळसूदपणे विचारलं, काय गं, काय हरवलं?

"ताई, निळी पिशवी. काकांसाठी बाजूला छोटं पातेलं लावणार होते. मी सगळ्यांना आवड विचारली ना, तर काका म्हणाले, आई करायची तसा मिसोचा रस्सा. ते आमच्याच बाजूचे आहेत. मार्चमध्ये निवृत्त होतायत, मग परत कधी? खर्चात नाही धरलं हं, माझ्या पैशानं आणलं होतं. तुम्हाला सांगणारच होते, पण भीती वाटली."

शिशिदोकाका रांगेतच उभे होते. त्यांनी वाटी पुढे केली.

"असू दे पोरी. बावीस वर्षं हाच खातोय. चांगला असतो."

डाव तसाच माझ्या हातात राहिला. बावीस वर्षं या माणसाला मी वाढलं, आणि तुमचं गाव कुठलं, एवढंही कधी विचारलं नाही. लाज वाटली. चुकून माझ्या गाडीत गेली असेल, असं म्हणून सुटता आलं असतं. शब्द जिभेवर आलेही होते.

मी डिकी उघडून पिशवी आणली आणि अकुत्सूच्या पायाशी ठेवली.

"मी लपवली होती."

साहेब नदीकडे बघायला लागले. अकुत्सूनं डोळे पुसले आणि पातेलं शोधायला वळली. दुसरी चूल मीच मांडली, मांस शिजायला टाकलं. पण मिसो कधी घालायचा, ते मला कुठं ठाऊक? मी डाव काकांपुढे धरला. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग डाव घेतला.

"विस्तव कमी करा, कुनिएबाई," ते म्हणाले. "मिसो उकळायचा नसतो."

मी खाली बसले आणि जळत्या फळ्या मागे ओढल्या.