माझ्या चिठ्ठीवरचं शेवटचं अक्षर

मी एक जुनी मेमरीची पट्टी आहे. कॉम्प्युटरच्या पोटात बसते ना, ती. वीतभरही लांब नाही. अंगावर काळ्या चिपांच्या रांगा आणि त्यांच्यावर चिकटवलेली एक पांढरी चिठ्ठी. मित्रांनो, अशी चिठ्ठी शेवटपर्यंत वाचलेला माणूस तुमच्यात कोणी आहे का? राहू द्या, हात वर करू नका.

माझ्या चिठ्ठीवर लिहिलं आहे, १६ जीबी, पीसी३, १२८००आर. सोळा म्हणजे माझ्यात किती मावतं. पीसी३ वरून माझी पिढी कळते आणि बारा हजार आठशे वरून वेग. शेवटचा 'आर' सांगतो की मी सर्व्हरसाठी घडवलेली आहे. माझ्या मधोमध एक जादा चिप आहे आणि तिच्याशी घरातल्या साध्या मशीनचं जमत नाही. साध्या मशीनच्या पट्टीवर त्याच जागी 'यू' असतो. एवढंच आहे, मित्रांनो. यासाठी पदवी लागत नाही.

कारखान्यातून मी थेट एका मोठ्या दवाखान्याच्या सर्व्हरमध्ये गेले. थंडगार खोली, पंख्यांची घरघर आणि रक्ताच्या तपासण्यांचे आकडे. माझ्या हातून एक आकडा कधी इकडचा तिकडे झाला नाही. तिथला इंजिनिअर नव्या माणसाला म्हणायचा, "हिच्याकडे बघायचं कामच पडत नाही." आमच्या धंद्यात यापेक्षा मोठी शाबासकी नसते. मग नवे सर्व्हर आले आणि आमची उचलबांगडी झाली. जुन्या सामानाच्या दुकानात प्लॅस्टिकच्या टोपल्यात इतर पट्ट्यांबरोबर मीही पडून राहिले.

तिथे एक दिवस एका घरातले भाऊजी आले. भाऊजी म्हणजे त्या घरातल्या वहिनींचे दीर. नात्यात कोणाचा फोन अडला, टीव्ही रुसला की यांना बोलावणं जायचं, त्यामुळे स्वतःला मोठे तज्ज्ञ समजायचे. वहिनी घरी बसून इमारतींचे नकाशे काढायच्या. सासूबाई पडून कंबर मोडून घेतलेल्या, त्यांना सोडून बाहेर नोकरी करणं शक्यच नव्हतं. एका बिल्डरने वहिनींना कायमचं काम देऊ केलं होतं. अट एकच, नमुन्याचा मोठा नकाशा सोमवारी हातात पाहिजे. पण तो नकाशा उघडला की त्यांचं मशीन मान टाकायचं. मेमरी कमी पडत होती, हे त्यांनीच ओळखलं होतं.

भाऊजींनी मशीनमधल्या दोन्ही पट्ट्या काढून नमुना म्हणून दुकानात आणल्या होत्या. दुकानदाराने त्यातली एक माझ्याशेजारी धरली. लांबी सारखी, खालची खाच सारखी.

"बसेल की," तो म्हणाला. "जुन्या दोन्ही इथेच ठेवा, बदल्यात ही घेऊन जा."

"चालते ना?"

"टेस्ट केलेली आहे."

खोटं नव्हतं ते. टेस्ट केली होती, पण सर्व्हरवर. तेवढं सांगायला त्याची जीभ वळली नाही.

घरी वहिनींनी मला हातात घेतलं, खिडकीपाशी नेलं आणि चष्मा लावला. "भाऊजी, जुनीवर शेवटी यू होता. हिच्यावर आर दिसतोय. हे काय असतं?"

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

"वहिनी, सोळा लिहिलंय, अजून काय वाचायचं? तुम्ही नकाशे काढा, हे माझ्यावर सोडा," भाऊजी हसत म्हणाले आणि त्यांनी मला काढून घेतलं.

मशीनमधल्या जुन्या पट्टीच्या जागी मी चपखल बसले. बटण दाबलं. पंखा फिरला, पण पडदा काळाच. मशीन नुसतं टूं टूं करत राहिलं. ते बिचारं सांगत होतं की ही पट्टी मला समजत नाही. भाऊजींनी मला काढलं, पुसलं, पुन्हा दाबून बसवलं. तेच. त्यांनी दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, पट्टी चांगली आहे, तुमच्या मशीनचा मदरबोर्डच गेला असेल. जुन्या पट्ट्या लावून बघाव्यात, तर त्या त्याने तासाभरात दुसऱ्याला विकल्या होत्या.

"बोर्डच गेलाय, वहिनी. तसंही जुनंच झालं होतं," भाऊजींनी निकाल दिला. माझ्यावर त्यांचा विश्वास अगदी पक्का होता, मी सोळाची ना! सगळं खापर त्या गरीब मशीनवर फुटलं. सोमवार आला आणि गेला. बिल्डरने काम दुसऱ्या कोणाला दिलं. मशीन भंगारवाला घेऊन गेला.

मला मात्र भाऊजींनी ठेवलं. चिप दिसायला छान म्हणून माझ्या कोपऱ्यात ड्रिलने भोक पाडलं आणि किल्ल्या अडकवल्या. दवाखान्याचे आकडे सांभाळणारी मी, आता स्कूटरला लोंबकळते. तुम्हाला हसू येत असेल, हसा.

काही महिन्यांनी किल्ल्या वहिनींच्या घरी टेबलावर पडल्या होत्या. सासूबाईंना औषध देऊन त्या बसल्या आणि माझी चिठ्ठी पुन्हा वाचू लागल्या. मोबाइलवर काहीतरी शोधलं. बराच वेळ वाचत होत्या.

"भाऊजी," त्या आत हाक मारून म्हणाल्या, "माझं मशीन चांगलं होतं. ही पट्टीसुद्धा चांगली होती. फक्त ती सर्व्हरची होती."

भाऊजी दारात आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "दुकानदाराने सांगायला नको का?"

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"आता काय करायचं म्हणता?"

"काही नाही. आईंचं औषध संपत आलंय, तेवढं घेऊन या."

त्यांनी किल्ल्या उचलल्या आणि आम्ही निघालो. मित्रांनो, पट्टी घेताना आकडा बघा, पिढी बघा, शेवटचं अक्षरही बघा. आणि ज्याचं मशीन आहे, त्याने काही विचारलं तर त्याच्या हातातून पट्टी काढून घेऊ नका. त्या खिडकीपाशी मी धडधाकट होते आणि वहिनींच्या हातात काम होतं.