झिजलेल्या कानांचे पदक

गाढवाविषयी आदराने बोलणारा मनुष्य विरळा, आणि त्या आदरापोटी निवृत्तीनंतरच्या साऱ्या दुपारी त्याच्या चरणी वाहणारा त्याहून विरळा. दंतवैद्य अशा विरळांपैकी एक होते. हयातभर लोकांच्या दाढा उपटून झाल्यावर त्यांनी दवाखान्यातले उथळ खणांचे पोलादी कपाट घरी आणले, जिथे पूर्वी चिमटे निजत तिथे हिरवी मखमल अंथरली आणि तीवर गाढवे मांडली. पिठाच्या गिरणीचा पितळी बिल्ला होता, त्यावरचे गाढव गोणीखाली शांत उभे होते. नदी ओलांडणाऱ्या नावेचे तांब्याचे टोकन होते, त्यावर 'लादलेले जनावर एक' एवढीच अक्षरे आणि खाली दोन लांब कान. एका सर्कशीच्या बिल्ल्यावरचे गाढव मागच्या पायांवर उभे राहून टोपी उचलत होते. आणि पशुप्रदर्शनात पहिल्या आलेल्या कुणा गाढविणीचे रुपेरी पदक तर दंतवैद्य दोन्ही हातांच्या ओंजळीत घेऊनच दाखवीत.

"सिंहाची पदकं राजे स्वतःसाठी पाडतात," ते पाहुण्यांना सांगत. "गाढवाचं पदक मात्र कुणीतरी उपकार आठवून पाडलेलं असतं."

"अहो, त्यांना आधी चहा तर पिऊ द्या," आतून पत्नीचा आवाज येई. "गाढवं कुठे पळून चालली आहेत?"

या गर्दभभक्तीला तोलामोलाचे आव्हान एकच होते, आणि ते घरच्याच नात्यातून आले होते. दंतवैद्यांचे व्याही, म्हणजे सूनबाईंचे वडील, एका छापखान्याचे मालक. त्यांचा संग्रह घोड्यांचा. किंबहुना मुलांचे लग्न जमले तेच मुळी जुन्या नाण्यांच्या दुकानात दोन्ही बाप एकाच बशीत हात घालताना भेटले म्हणून. तेव्हापासून व्याह्यांनी चेष्टेचे व्रत कधी मोडले नाही.

"काय डॉक्टर, तबेला कसा आहे?" ते दारातूनच विचारीत.

"तबेला तुमच्याकडे, व्याहीबुवा. आमच्याकडे कामकरी मंडळी असतात."

"हो, हो. म्हणूनच मुलगी देताना मी घर नीट पाहून घेतलं. म्हटलं, तिची जनावरांची डॉक्टरकी वाया जायची नाही."

सूनबाई खरोखरच पशुवैद्य होत्या, आणि हा विनोद इतका जुना झाला होता की त्या आता हसण्याचीही तसदी घेत नसत.

ज्या दुकानात ही सोयरीक जुळली, ते आता बंद व्हायचे होते. दुकानाच्या मालकीणबाईंचे गुडघे जिना मान्य करीनासे झाले होते. शेवटच्या आवराआवरीत गल्ल्यामागच्या डब्यातून त्यांनी एक पदक काढले आणि दोघा व्याह्यांसमोर निळ्या कापडावर ठेवले. एका दगडखाणीने आपल्या ओझेवाहू जनावराला दिलेले हे पदक, कपाळपट्टीला लावण्यासाठी वर कडी असलेले. एका बाजूला 'निष्ठेच्या सेवेबद्दल' ही अक्षरे होती आणि दुसऱ्या बाजूला पाठीवर टोपल्या घेतलेले चतुष्पाद. कान मात्र झिजून गेले होते. सांभाळणाऱ्याने रोज सकाळी अंगठ्याने पुसले असावे. माया करणाऱ्याचा अंगठा नेमका उंच भागावरच फिरतो.

"विकायचं नाही हे," बाई म्हणाल्या. "तुम्ही दोघांनी हे दुकान जगवलंत, तुमच्यापैकी एकाला देऊन टाकायचंय. पण भांडायचं नाही. ज्याचं जनावर, त्याचं पदक."

"घोडा आहे," व्याही तत्काळ म्हणाले.

"गाढव आहे," दंतवैद्य त्याच क्षणी म्हणाले.

बाईंनी कपाळाला हात लावला.

दंतवैद्यांच्या हाती असे एक साधन होते की जे दुसऱ्या कोणा संग्राहकाच्या स्वप्नातही नसेल. दातांचा ठसा घेण्याची गुलाबी पूड ते अजून बाळगून होते. झिजल्या बिल्ल्यांचे ठसे घेऊन त्यांत प्लास्टर ओतले की डोळ्याला न दिसणारा उठाव उजळून येई. दुसऱ्याच दिवशी ते रबरी वाटी आणि कालथा घेऊन दुकानात हजर झाले, पूड पाण्यात कालवली आणि लगदा पदकावर दाबून बसवला.

"आता त्याला म्हणा, आ कर," व्याही मागून म्हणाले. "आणि कीड असेल तर आत्ताच सांगा, घोड्याला खर्च झेपायचा नाही."

"जरा गप्प बसाल?"

"बसतो की. गाढवाला गडबड सहन होत नाही, घोड्याचं काही नसतं."

दंतवैद्यांचा संयम सुटला. त्यांनी लगदा ओढून काढला, घरी नेला, प्लास्टर ओतले. आणि संध्याकाळी साचा उघडतात तो काय, डोक्यावर दोन लांब, डौलदार, निःसंशय गाढवाचे कान! मालकीणबाईंनी प्लास्टर पाहिले, पदक कागदात गुंडाळले आणि ते दंतवैद्यांच्या हाती ठेवले. व्याह्यांनी पुढे होऊन त्यांचा हात हातात घेतला.

"अभिनंदन, डॉक्टर," ते म्हणाले. पुढे काहीच म्हणाले नाहीत.

हे मौन दंतवैद्यांना घरापर्यंत खुपत राहिले. एखादा टोमणा, एखादी कोपरखळी, निदान एक शिंक तरी! पण नाही. त्यानंतर व्याही घरी आले ते सरळ नातवंडांच्या खोलीत गेले, कपाटाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही.

संग्राहक मंडळाचे प्रदर्शन तोंडावर आले होते. पदकाशेजारी त्याच्या स्वच्छ प्रतिकृती मांडाव्यात म्हणून दंतवैद्यांनी नवा ठसा घ्यायला घेतला. या वेळी घाई नव्हती. लगदा पुरता घट्ट होईपर्यंत ते खिडकीशी बसून राहिले, मग सावकाश, एका बाजूने, हलक्या हाताने त्यांनी तो सोडवला. प्लास्टर सुकल्यावर साचा उघडला. कान आखूड होते.

क्षणात सारे उमगले. ठसा अर्धवट ओला असताना खेचला की लगदा ताणला जातो आणि ताणलेले पुन्हा आक्रसत नाही. या एका चुकीसाठी त्यांनी दवाखान्यातल्या किती मदतनिसांना फैलावर घेतले होते! अशा ठशांवर बेतलेल्या कवळ्या रुग्णांच्या तोंडात खडखडत. आता खुद्द दंतवैद्यांच्या हातून एका जनावराला दुसऱ्याचे कान बसले होते.

पत्नी दोन्ही प्लास्टरे शेजारी ठेवून पाहत राहिल्या. "मग हा घोडाच की हो."

"तसं दिसतंय खरं."

"आणि व्याह्यांना सांगणार?"

"सांगायलाच हवं का? बाईंनी दिलं मला. व्याह्यांनी मान्यही केलं."

पत्नींनी आखूड कानांचे प्लास्टर त्यांच्यापुढे सरकवले. तेवढ्यात सूनबाई दवाखान्यातून आल्या, पायांतले बूट काढता काढता म्हणाल्या, "अप्पा, तुम्ही बाबांना जरा समजवाल का? घोडे विकायला काढतायत. म्हणे, नजर गेली, गाढव आणि घोडा कळेनासा झाला तर संग्रह कशाला करायचा? छापखान्यातसुद्धा मुद्रितं दुसऱ्याला तपासायला देतायत."

दंतवैद्यांनी मखमलीवर मध्यभागी ठेवलेल्या पदकाकडे पाहिले. इतक्या वर्षांच्या संग्रहाला शोभेल असे शिरोरत्न त्यांना प्रथमच लाभले होते. त्यांना ते ठेवायचे होते, अगदी बालहट्टाने ठेवायचे होते. पण आपल्या हातच्या चुकीपायी एक मनुष्य स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गमावून बसला आहे, हे कळल्यावर त्या मखमलीला शोभा उरली नाही. त्यांनी पदक आणि दोन्ही प्लास्टरे पिशवीत घातली.

"चल," ते सूनबाईंना म्हणाले. "बूट पुन्हा घाल."

व्याही छापखान्यात यंत्राशेजारच्या स्टुलावर बसले होते. दंतवैद्यांनी शाईने माखलेल्या मेजावर वर्तमानपत्र पसरले, त्यावर तिन्ही वस्तू मांडल्या आणि रोगनिदान सांगावे तशा स्वरात सारे सांगून टाकले. "तुमची नजर शाबूत आहे. माझा हात घसरला. घोडा आहे, तुमचा आहे, घ्या."

व्याह्यांनी दोन्ही प्लास्टरे उचलून डोळ्यांजवळ धरली. मग त्यांचे खांदे हलू लागले.

"म्हणजे कान तुम्ही ओढलेत, डॉक्टर?"

"हो."

"स्वतःच्या हातांनी? तेही घोड्याचे?" आणि ते इतके मोकळे हसले की यंत्रावरचा कामगार वळून पाहू लागला. डोळे पुसत त्यांनी मुलीला हाक मारली. "अगं, बघ, तुझे सासरे घोड्याचं गाढव करतात! ये, बघ तरी माझा घोडा."

सूनबाईंनी छापखान्यातले भिंग उचलले आणि पदक खिडकीच्या उजेडात धरले. पाहता पाहता त्यांच्या भुवया वर चढल्या.

"बाबा, घोडा कुठाय यात?"

"म्हणजे?"

"खूर बघा, किती अरुंद आणि उभे आहेत. आयाळ विरळ, उभी. डोकं हे एवढं थोरलं. घोडा असा असतो?"

दंतवैद्यांचा जीव भांड्यात पडू लागला. "मी म्हणतच होतो..."

"थांबा, अप्पा. शेपूट बघा. बुडापासून केस आहेत. गाढवाच्या शेपटीला नुसता टोकाला झुबका असतो, तुम्हीच मला एकदा तासभर सांगितलंय. कान झिजलेत म्हणून आखूड दिसतात, बुंधा चांगला रुंद आहे." त्यांनी पदक खाली ठेवले. "खेचर आहे हे. तुम्ही दोघं कान सोडून दुसरं काही बघितलंच नाहीत?"

दोघांनीही बघितले नव्हते. दोन वृद्ध गृहस्थ शाळेत चुकलेल्या मुलांसारखे एकमेकांकडे पाहू लागले. ज्याचे जनावर त्याचे पदक. आणि जनावर तर दोघांपैकी कोणाचेच नव्हते. पदक बाईंना परत करावे म्हणून दंतवैद्य ते उचलू लागले, तोच व्याह्यांनी त्यावर पंजा ठेवला.

"कुठे निघालात? खेचराची आई कोण?"

"घोडी," दंतवैद्यांनी मुकाट्याने कबूल केले.

"मग? आजोळ आमचं. मूल आजोळी राहतं."

"वा! आणि बाप? बाप गाढव असतो, व्याहीबुवा. कुळ बापाचं चालतं."

"त्या बापानं काय केलं हो? वाढवलं आईनं, दूध पाजलं आईनं!"

"आणि स्वभाव कुणाचा उतरलाय? ती सहनशीलता? ती टोपल्यांखालची शांती? हे गुण काय घोड्याचे?"

"सहनशीलता! तिला आमच्याकडे आळस म्हणतात."

"तुम्ही आम्हाला आळशी म्हणता? प्रदर्शनात सगळ्यांसमोर म्हणा!"

"म्हणतो ना! माझ्या खणात ठेवा पदक, मी पाटीच छापून लावतो."

"तुमच्या खणात? माझ्या मखमलीवरून उचलून?"

सूनबाईंनी दारातूनच घरी फोन लावला. "आई, जेवायला आमची वाट बघू नका," त्या म्हणाल्या. "हो, दोघंही ठीक आहेत. छान भांडतायत."