हेल्मेटातलं काळीज

डॉक्टर अवधूत सकाळपासून वैतागले होते. अठ्ठ्याण्णव साली सांगलीत असलं यंत्र पहिल्यांदाच आलं होतं. डोक्यावर हेल्मेट चढवायचं आणि सोनोग्राफीत टिपलेल्या हृदयाच्या आत शिरून हिंडायचं. हिंडणं कसलं, कॉम्प्युटर दोनदा बंद पडला, मान आखडली, आणि म्हसवडच्या डॉक्टरांनी मेंढपाळ हरिबाच्या चिठ्ठीत लिहिलेला झडपेचा दोष काही केल्या सापडेना.

“सर, जरा डावीकडे वळा,” यंत्र घेऊन आलेला इंजिनियर मुकुल पुन्हा म्हणाला.

“डावीकडे वळून वळून भोवळ यायला लागलीय मला. झडप ठणठणीत आहे.”

टेबलावर उघड्या छातीनं कुडकुडत पडलेला हरिबा उठून बसला. “मला बी दावा की.”

डॉक्टरांनी चिडूनच हेल्मेट त्याच्या डोक्यावर ठेवलं. मेंढरू आजारी पडलं की मांडीच्या आत बोटं घालून नाडी बघायची, ही हरिबाची जन्माची सवय. त्यानं आपल्याच मनगटावर दोन बोटं टेकली आणि समोरचं काळीज बघत राहिला.

“डाक्टर, ह्ये माजं न्हवं. ह्ये एका चालीनं चाललंय. माजं दोन ठोकं देतंय आन एक गिळतंय.”

मुकुलनं कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. यंत्र दुसऱ्यांदा सुरू केल्यापासून हरिबाच्या हृदयाऐवजी यंत्रासोबत आलेलं नमुन्याचं हृदयच चालू राहिलं होतं.

डॉक्टर त्याच्यावर ओरडणार, तेवढ्यात हरिबानं हेल्मेट काढून आपला हात पुढं केला.

“सकाळधरनं माज्या नाडीला कुणी हातच लावला न्हाई.”