नाथाजीच्या परण्याचा टेप

हिंदुरावानं एकदा मनात घेतलं की मग तो ब्रह्मदेवाचंही ऐकायचा नाही. फौजेत वीस वर्षं जीपगाड्या खोलल्या, बसवल्या, हवालदार होऊन पेन्शनीत आला, आणि तेव्हापासून उंब्रजच्या पंचक्रोशीत त्याला गाडीतलं काही सांगू शकेल असा माणूस त्याच्या मते जन्मालाच आलेला नव्हता. बाप तर नाहीच नाही.

आणि बाप होता ड्रायव्हर! साताऱ्याच्या एका डॉक्टरांची उघड्या टपाची विलायती गाडी धोंडीबानं पंचवीस वर्षं चालवली. डॉक्टर मोठे दिलदार. गावात लग्न असलं की गाडी द्यायचे. लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला नेतात तो परण्या निघाला, की टप मागं दुमडलेली ती गाडी पुढं आणि स्टिअरिंगवर फेटा बांधलेला धोंडीबा. डॉक्टर थकले, गाव सोडून लेकाकडं निघाले, तेव्हा गाडीची किल्ली त्यांनी त्याच्याच हातावर ठेवली.

पण घरचा नवरदेव काही त्या गाडीत बसला नव्हता. हिंदुरावाचं लग्न रजेच्या घाईत चार माणसांत उरकलं. म्हणून अठ्ठ्याहत्तर साली धाकट्या नाथाजीचं ठरलं तसं म्हाताऱ्यानं एकच टुमणं लावलं होतं. "लोकाच्या पोरांस्नी लय मिरवलं. आता माजं पोरगं मागं बसंल आन् मी गाडी चालवीन. वाजतगाजत." एवढंच मागणं. याहून जास्त त्यानं जन्मात कुणाकडं काही मागितलं नव्हतं.

नाथाजीही फौजेतच. लग्नाच्या आदल्या दिवशी तो सुट्टीवर आला तो गाडीत बसवायचा कॅसेटचा टेप घेऊन. दोन वर्षं पैसे साठवून घेतलेला, आणि दोन दिवसांच्या रेल्वेत मांडीवरून खाली न ठेवलेला. "दादा, आबाच्या गाडीत बसतोय का बघ," एवढंच तो म्हणाला. झालं! हिंदुरावाच्या अंगात आलं. त्यानं त्याच पावली सायकल काढली आणि उंब्रजच्या गुंडा बँडवाल्याला सांगून आला, "उद्या येऊ नगासा. आता आमची गाडीच वाजनार हाय."

आधी टेप बसवावा, वाजतो का बघावं, मग बँड मोडावा. शेंबड्या पोरालाही कळतं हे. पण सांगणार कोण?

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. सकाळीच हिंदुराव पान्या-पकडी घेऊन गाडीत शिरला. कंपनीनं बसवून दिलेला जुना रेडिओ पाट्यावरवंट्याइतका जड. तो काढायलाच नऊ वाजले. एक बोल्ट गंजून बसलेला, दुसरा सुटला तो डॅशबोर्डच्या आत कुठं पडला देवास ठाऊक. हात कोपरापर्यंत आत, मान तिरपी, आणि तोंडात फौजेतली हिंदी. बायका हळदीची ताटं घेऊन लांबून वळसा घालून जायला लागल्या.

धोंडीबानं काढलेला रेडिओ उचलला, टॉवेलनं पुसला आणि ओट्यावर जपून ठेवला. मग तो गाडीपाशी येऊन म्हणाला, "हिंदुराव, वायर लावायच्या आदी मला हाक मार. ह्या गाडीचा करंट निराळा हाय."

"आबा, करंट काय निराळा असतोय?" हिंदुराव आतूनच ओरडला. "ईस वरसं मी काय ढोरं राखली? तुमी जावा, पावनं बघा."

म्हातारा खरंच पाहुणे बघायला गेला.

टेप काही त्या जागेत बसेना. बोटभर जास्तच रुंद. शहाण्यानं तो खाली पत्र्याच्या पट्टीवर टांगला असता. हिंदुरावानं करवत आणली. कर्र्र कर्र्र करीत डॅशबोर्डाचा पत्रा कापला. पंचवीस वर्षं धोंडीबानं ज्याच्यावर माशी बसू दिली नव्हती, तो पत्रा! अंगठा कापला, त्यावर हळद दाबली, पुन्हा कापलं. आता भोक एवढं झालं की टेपच्या दोन्ही बाजूंनी बोट जायला लागलं. मग लाकडाच्या पाचरी ठोकल्या. एक ठोकावी तर दुसरी निसटायची. शेजारचे लालासाहेब पान चघळत उभे होते.

"हवालदार, टेप बसवताय का गाडी मोडताय?"

"आवं, तुमी गप ऱ्हावा की जरा!" हिंदुरावाचं डोकं असं फिरलं होतं की पाना फेकून मारावा.

तीन वाजता टेप एकदाचा बसला. नाथाजी हळदीच्या अंगानं, हातात कट्यार धरून बघायला आला. पाहुणे गोळा झाले. हिंदुरावानं टेपची लाल वायर गाडीच्या वायरीला जोडली, काळी बॉडीला आवळली आणि ऐटीत म्हणाला, "घाल रं कॅसेट."

नाथाजीनं कॅसेट घातली. आत काहीतरी टकदिशी वाजलं, आणि सनईच्या ऐवजी धूर आला. पांढरा, जळक्या वासाचा धूर, मग डॅशबोर्डाच्या कापलेल्या फटीतून काळा. हिंदुरावानं वायर ओढून तोडली, तोवर खेळ आटोपला होता.

धोंडीबा गर्दीतून पुढं आला. त्यानं मागची सीट उचलली आणि खालची बॅटरी दाखवली. प्लसची जाड वायर थेट बॉडीला बांधलेली.

"फौजंच्या जीपंत बॉडीला मायनस असतंय," तो सावकाश म्हणाला. "ह्या विलायती गाडीत बॉडीला प्लस. डाक्टरनी मला पयल्याच दिवशी सांगितलं हुतं. लाल तिथं काळी लावायची. म्हनून म्हनलं, हाक मार."

हिंदुराव त्या वायरीकडं बघतच राहिला. वीस वर्षांत हजार जीपा, आणि ही सीट एकदा उचलून बघायची अक्कल सुचू नये? त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला.

"जाऊ दे दादा," नाथाजी म्हणाला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

हिंदुराव सायकलवर उंब्रजला पळाला. गुंडाचा बँड सकाळीच कोरेगावच्या लग्नाला निघून गेला होता. घामाघूम होऊन तो परत आला, तर गाडीचं टप दुमडलेलं, नाथाजी मुंडावळ्या बांधून मागं बसलेला, आणि धोंडीबा जुना रेडिओ जोडत होता. त्या रेडिओला प्लस-मायनस कसंही चालायचं. पण आता तो बसवायचा कुठं? भोकात ठेवला की आत पडत होता, पाचरी त्याचं वजन पेलेनात. वायर कापून आखूड झालेली, बोटानं दाबून धरली तरच आवाज यायचा.

"मी धरतो, आबा. तुमी चालवा," हिंदुराव म्हणाला.

त्यानं धरला. खरखर झाली आणि रेडिओ बंद पडला. पुन्हा दाबला, पुन्हा खरखर. तीनदा झालं. मुहूर्त जवळ येत होता, लोक खोळंबले होते. धोंडीबानं हात लावला की रेडिओ वाजायचा, दुसऱ्या कुणाच्या हातात टिकायचा नाही.

म्हाताऱ्यानं स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला. मग तो उठून पलीकडच्या सीटवर बसला, मांडीवर टॉवेलची घडी ठेवली आणि तिच्यावर रेडिओ घेतला.

"बस," तो म्हणाला. "चालीव."

"आबा, बिनवाजापचं जाऊ. पन तुमीच चालवा."

"माज्या पोराचा परण्या मुका न्यायचा व्हय? बस म्हनतो न्हवं!"

परण्या निघाला. रेडिओवर सांगली केंद्राची संध्याकाळची सभा लागली होती. दोन गाणी वाजली, आणि मग उसाच्या खोडव्याला खत किती घालावं हे कुणी तज्ज्ञ सांगायला लागले. गर्दी खो-खो हसली. धोंडीबानं आवाज कमी केला नाही. रेडिओ तापला होता, मांडी भाजत असणार, पण वायरीवरचं बोट त्यानं हलवलं नाही.

वेशीपाशी लालासाहेबांनी हटकलं, "धोंडीबा, आज तरी गाडी तू चालवायची हुतीस की रं!"

"गाडी काय, कुनीबी चालवंल," म्हातारा हसून म्हणाला. "ह्यो धरायला मानूस लागतंय."

हिंदुरावानं ऐकलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. समोरच्या कापलेल्या भोकाकडं न बघता, पहिल्या गिअरमध्ये तो मारुतीच्या देवळाकडं गाडी नेत राहिला.