रवळनाथाची परमिशन

आमच्या ऑफिसात कुठलंही विमान हलायच्या आधी देवाला कळवावं लागतं. हा सहदेवमामाचा नियम. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वरच्या माळ्यावर आमचा गाळा. एका बाजूला स्क्रू बनवणारा, दुसऱ्या बाजूला अगरबत्त्या पॅक करणाऱ्या बायका, मध्ये आम्ही. छोट्या विमानांना देशाबाहेर जायला ज्या परवानग्या लागतात, त्या काढून देतो. आम्ही म्हणजे मामा आणि मी, गंधाली.

मी दहावीला गणिताच्या पेपरातून उठून बाहेर आले ती परत गेलेच नाही. आई तेव्हापासून बोंबलतेय. शेवटी मामा तिला म्हणाला, “नलू, एक इमान ह्या तुझ्या चेडवाक देऊन बघूया. इमान गेला तर चेडू माझ्याकडे कामाक ऱ्हवतला. नाय गेला तर दिंडोशीक नाइट स्कूल, दहावीचो फॉर्म.”

आई लगेच हो म्हणाली. मला कोणी विचारलं पण नाही. मग मी पण ठरवलं, हे विमान ढकलत न्यावं लागलं तरी चालेल, पण जाणार.

विमान म्हणजे काय, पुढे एक पंखा, आत चार सीटा. रिक्षाला पंख लावल्यासारखं. जुहूला उभं होतं. कोलंबोच्या एका फ्लाइंग स्कूलने ते विकत घेतलं होतं आणि नीलम मॅडम एकट्या ते चालवत नेणार होत्या. किनाऱ्याकिनाऱ्याने मंगळूर, तिथून तिरुची, तिथे कस्टम आणि पासपोर्टवर शिक्का, मग समुद्र ओलांडून कोलंबो. दिल्लीची परवानगी आली होती. हवाई दलाचा मंजुरीचा नंबर उडायच्या दिवशी सकाळी मिळतो. राहिली होती श्रीलंकेची, तिथे उतरू देतो म्हणून. ती काय येईना.

त्या दिवशी नीलम मॅडम ऑफिसात चहा पीत बसल्या होत्या. मामाने गणपतीच्या बाजूच्या, आमच्या गावच्या रवळनाथाच्या फोटोसमोर नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. आमच्या कोकणात देवाला काही सांगायचं तर असंच. एकाने सांगायचं, बाकीच्यांनी ओ द्यायची.

“बा देवा रवळनाथा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मी मोबाइल बघतच म्हटलं.

“तुझ्या लेकराच्या हातसून एक इमान लंकेक जाता हा. थयसरचो कागद अडाकलो हा, तो मोकळो कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आता भिंतीपलीकडून अगरबत्तीवाल्या पण. त्यांना सवय झालीय.

“कागद गावलो तर ह्या इमान तुझ्या देवळाभोवती एक प्रदक्षिणा घालतला आणि मगच फुडे जातला रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

ह्यावेळी एक आवाज जास्त होता. नीलम मॅडम चहात बिस्कीट बुडवत, सगळे म्हणतायत म्हणून, म्हणाल्या होत्या.

मी मामाकडे बघितलं. तो गालात हसत होता.

जेवायच्या आधी श्रीलंकेचा ईमेल आला. मी खुर्चीवर चढून नाचले. मामाने देवाला हात जोडले आणि म्हणाला, “मॅडम, आता ती प्रदक्षिणा.”

“कसली प्रदक्षिणा?”

मामाने समजावलं, गावचं देऊळ वाटेवरच आहे. मॅडमचं बिस्कीट दुसऱ्या चहाच्या कपात पडलं. “मामा, ते विमान आहे. शेअर रिक्षा नाही, जाताजाता देवळाला वळसा मारायला! रस्ता ठरलाय, कागदांवर आहे. मधेच एका गावावर गरगर फिरायला लागले तर खालून विचारतील, बाई, काय चाललंय? मी काय सांगू?”

“सांगा, नवस हा.”

“तुमचा नवस! माझा नाही.”

“तुमी व्हय म्हाराजा बोललात,” मामा शांतपणे म्हणाला. “खालसून सूचना येता, पायलट ती परत बोलान दाखयता, त्येका काय म्हणतत?”

मॅडमचा चेहरा पडला. “रीडबॅक.”

“आणि रीडबॅक दिलो म्हणजे?”

“मान्य केलं.”

“मगे!” मामाने फाइल कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली बनियनच्या आत टाकली. “देवाक फसवून इमान उडवूचा नाय. माझा ऑफिस बंद झाला तरी चलात.”

माझं डोकं सटकलं. ह्या दोघांच्या नादात मी दहावीला बसणार! मी सरळ फ्लाइट प्लॅनच्या ऑफिसला फोन लावला. म्हटलं, वाटेत एका गावावर एक गोल मारायचाय, लिहून घ्या.

“कशासाठी?” तिकडचा माणूस म्हणाला.

“असंच. बघायला!”

“बघायला म्हणजे, वरून फोटो काढणार का?”

“हो हो, फोटो!” मी म्हटलं. विषय संपवायचा होता.

“मग हवाई फोटोची वेगळी परवानगी लागेल. आधी ती आणा, मग पुढे बघू.”

नीलम मॅडमनी माझ्या हातातून फोन ओढला. “सॉरी सर, गोल नको, फोटो नको, काहीच नको. मुलगी नवीन आहे.” फोन ठेवून माझ्याकडे असं बघितलं की मी खिडकीतून खालची भंगारची गाडी बघत राहिले.

पण खिडकीत उभी असताना डोक्यात आलं. ह्या ऑफिसांत नाही म्हणाले तर आपण काय करतो? परत अर्ज करतो, वेगळ्या शब्दांत. मग देवाला पण करू या की!

“मामा, गावाला गुरवाला व्हिडिओ कॉल लाव. कौल घेऊ.”

ह्याला मामा नाही म्हणूच शकत नव्हता. धोंडिराम गुरवाने मोबाइल समईला टेकवून उभा केला. देवाच्या दोन्ही बाजूंना ओल्या फुलांच्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. कारण वगैरे देव देत नाही.

मामाने विचारलं, “इमान नुसता सरळ वरसून गेला तर चलात काय रे म्हाराजा?”

टप. डावी पडली.

“झाला!” मामा म्हणाला. “नाय म्हणता.”

“नाहीच म्हणणार! असं तोंड पाडून ‘चालेल का, चालेल का’ विचारल्यावर कोण हो म्हणेल?” मी फोन खेचला. “धोंडूकाका, परत लावा. प्रश्न मी विचारते. देवा, विमान वरून सरळ जाईल. त्याच टायमाला खाली सहदेवमामा स्वतः देवळाला प्रदक्षिणा घालेल. नारळ घेऊन. अनवाणी. चालेल?”

“गो, अनवाणी कित्याक?” मामा ओरडला. “आणि माका सुट्टी खय हा? ऑफिस कोण बघतला?”

टप. उजवी. मामाचं बोलणं पण पूर्ण होऊ दिलं नाही देवाने.

नीलम मॅडम एवढ्या हसल्या की डोळे पुसायला लागल्या. मामाने किल्ली काढली.

तर उडायच्या दिवशी मामा गावी आणि ऑफिसात मी एकटी. हवाई दलाचा नंबर मीच घेतला, दोनदा परत म्हणून दाखवला, मॅडमना कळवला. त्या जुहूहून उडाल्या. तेवढ्यात मामाचा फोन. मागे ढोल. सगळा गाव देवळात जमलेला.

“गंधे, इमान इला! फेरी घातलंय मी! खडे लागले पायाक!”

“मामा, त्या आत्ता कुठे उडाल्यात! मोठं होतं का?”

“होता जरा.”

“ते गोव्याचं पॅसेंजरवालं असेल. परत घाल.”

असं तीनदा झालं. शेवटी मीच वैतागून अंदाज सांगितला, आता बघ, छोटं, आवाज मच्छरासारखा. आणि फोनमध्ये एकदम बोंब उठली, “इला, इला!” दुपारी मंगळूरहून मॅडमचा मेसेज आला. “देऊळ दिसलं. पंख जरासे हलवले. मामांना सांग, बाकी कोणाला नको.”

दुसऱ्या दिवशी त्या कोलंबोला उतरल्या. मी स्पीकरवर मामाला सांगितलं. तो देवळातच होता. आनंदाने तिथल्यातिथे सुरू झाला.

“बा देवा रवळनाथा, इमान सुखरूप उतारला रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मी जोरात म्हटलं. अगरबत्तीवाल्या पण.

“ह्या चेडू आता माझ्या ऑफिसात ऱ्हवतला रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मी आणखी जोरात.

“आणि गणितात पास होऊन, दहावी काढून, एक दिवस स्वता इमान चलवत तुझ्या देवळावर येतला रे म्हाराजा!”

“व्हय म्हा...”

तोंडातून निघून गेलं होतं. भिंतीपलीकडच्यांनी तर पूर्ण म्हटलं.

“नलू,” मामा तिकडे कुणाला तरी म्हणाला. आई! ती पण गावी गेली होती आणि मला पत्ता नाही. “ऐकलंस मगे? रीडबॅक इलो.”

मी ओरडले, “मी अर्धंच म्हटलं! धोंडूकाका, कौल लावा! प्रश्न मी विचारणार!”

फोन कट झाला होता.