लेखी कारण

"सकाळपासनं तिसऱ्यांदा बंद पडलंय, मेहबूबभाऊ," दवाखान्याच्या व्यवस्थापक उज्ज्वलाताई दारातूनच म्हणाल्या. "बाहेर पन्नास पेशंट बसलेत, एकाचीही जुनी माहिती दिसंना. ह्या वेळी कारण लेखी द्या. ट्रस्टी सगळं काम पुण्याच्या कंपनीला द्यायला टपलेत."

मेहबूब तांबोळीनं मशीनपुढं खुर्ची ओढली. जुन्नरच्या त्या धर्मादाय दवाखान्याचा लिनक्स सर्व्हर बारा वर्षं त्यानं एकट्यानं सांभाळला होता. त्याच्या चुकीनं काम एकदाही अडलं नव्हतं, आणि ह्याचा त्याला भारी अभिमान होता. का नसावा?

मशीन चालू करून त्यानं लॉग उघडला, ओळ न् ओळ वाचत खाली आला. प्रोग्रॅम ठीक, डिस्क ठीक. तिन्ही वेळा शेवटची नोंद एकच. तापमान हद्दीबाहेर गेलं, म्हणून मशीन आपणहून बंद झालं. हात लावला तर पत्रा तव्यासारखा. टेबल ओढून मागं डोकावला आणि त्यानं कपाळावर हात मारला. पंख्याच्या जाळीवर झेंडूचा जाडजूड हार, वाळक्या पाकळ्या आत ओढल्या जाऊन पंखा ठप्प.

"परवा दसऱ्याला म्या घातला," फरशी पुसायची थांबून ठकूबाई म्हणाली. "समद्या मशिनींची पूजा केली. म्होरं दिवे लुकलुकत्यात, ते झाकू नये म्हणून मागं घातला. काय चुकलं का, भाऊ?"

ठकूबाई कंत्राटावरची. गेल्याच महिन्यात तिच्यासारख्याच एका बाईला फुटक्या बाटलीपायी घरी बसवलं होतं.

"न्हाई मावशी. धूळ लई बसली व्हती," तो म्हणाला.

चिमट्यानं पाकळ्या उपसल्या, तसा पंखा फिरला. थोड्या वेळात बाहेर पेशंटची नावं पुकारली जाऊ लागली. मग त्यानं कागद ओढला. 'पंख्याची साफसफाई माझ्याकडून राहून गेली. चूक माझी.' खोटं कशाला सांगा, सही करताना त्याला फार वाईट वाटलं.

उज्ज्वलाताईंनी कागद दोनदा वाचला. "हेच द्यायचंय?"

"व्हय, ताई."

ट्रस्टींना तेवढं निमित्त पुरलं. पंधरवड्यात कंपनीची वृषाली आली. मुलगी अदबीची, हुशार. सगळं नीट विचारून घेतलं तिनं.

"काका, मुख्य पासवर्ड लागेल."

तो त्यानं बारा वर्षांत कुणाला सांगितला नव्हता, कागदावर तर कधीच उतरवला नव्हता. मेहबूबनं तिच्याकडून पेन मागून घेतलं आणि एकेक अक्षर सुटं, नीट वाचता येईल असं लिहून दिलं.