चिंचेच्या पाण्यात धुतलेलं शेवाळ

“बगा, कसा फुलासारखा करून आनलाय,” म्हणत मनुबाईनं टोपलीतलं शेवाळ पांढऱ्या ट्रेमध्ये पसरलं. हिरवंगार, निथळलेलं, चिखलाचा कण नाही. वजन करायला मी वाकलो, तेव्हा नाकात नेहमीचा आंबूस वास शिरला. तो खाडीचाच असेल असं समजून मी आजवर विचारलं नव्हतं.

“मनुबाई, हा कसला वास?”

“चिंचेचा. रातभर चिंचेच्या पान्यान भिजवते, मंग सकालचे तीनदा धुते. त्याबिगर बुलबुलीतपना जात नाय. मावरा पन मी असाच धुते. चालीस वर्सं मासली बाजारान बसते, कुनाला घान माल दिला नाय.”

“दर वेळी असंच आणता?”

“दोन वर्सं झाली की आता.”

वजन करायचं सोडून मी ताठ उभा राहिलो.

ही एकोणनव्वद सालची गोष्ट. ठाण्याच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक होतो. आमच्या गोडबोले मॅडम शेवाळातून औषधी द्रव्यं काढण्याच्या खटपटीत होत्या आणि खाडीतलं शेवाळ आणून द्यायचं काम दिवा स्टेशनापलीकडच्या कोळीवाड्यातल्या मनुबाईकडे होतं. तिचा नवरा गोमाजी खाडीत जाळं टाकायचा. आधी त्याच्या माशांना रॉकेलचा वास यायला लागला, मग मासेच येईनासे झाले. वरच्या कारखान्यांचं पाणी खाडीत सोडणारा नाला बंद करा, असा अर्ज गावानं केला, तर सरकारी समितीनं पुरावा मागितला. मॅडम म्हणाल्या, मासा फिरता, तो कुठलं पाणी प्याला हे कोण सांगणार? शेवाळ जन्मभर एका दगडाला धरून असतं आणि पाण्यात येईल तो पारा, येईल ते शिसं अंगावर घेतं. म्हणून मनुबाईच्याच शेवाळाची तपासणी झाली. निष्कर्ष आला, पारा नगण्य. मॅडमना तो पटला नव्हता, पण आलेला अहवाल दडवून ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तो समितीकडे जाऊन पंधरा दिवस झाले होते आणि सुनावणी दुसऱ्याच दिवशी होती.

आंबट पाण्यात धातू सुटतात, हे अकरावीतल्या पोरालाही ठाऊक असतं. मनुबाईला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. अगदी पहिल्यांदा तिनं शेवाळ आणलं ते चिखलासकट, म्हणजे हवं होतं तसंच. पण त्या चिखलानं बेसिन तुंबलं, मला कोपरापर्यंत हात घालून उपसावं लागलं, आणि मी वैतागून बोलून गेलो, “अहो बाई, जरा धुऊन आणायला काय होतं?” ती इतकी ओशाळली की मलाच कसंतरी झालं. नंतर मी ते विसरलो. ती विसरली नव्हती.

मॅडमना मी चिंचेचं सांगितलं. बेसिनचं सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मी ते गिळलं.

“न धुतलेला एकही नमुना नाही, आनंद? पहिल्या खेपेचा?” मॅडमनी विचारलं.

“तो औषधाच्या कामात संपला, मॅडम.”

“नव्यानं तपासायचं तर तीन आठवडे हवेत.” त्या खुर्चीत बसल्या. “उद्या मुदत मागून बघू.”

मनुबाई अजून दाराशीच होती. “मॅडम, मी काय वायट केला का?”

मॅडमनी तिला सगळं नीट समजावलं. तिनं ते मान खाली घालून ऐकलं. “मंजे आमच्या गावाचा पुरावा मीच धुवून टाकला,” ती म्हणाली आणि रिकामी टोपली उचलून निघून गेली.

सुनावणीला अख्खा कोळीवाडा लोटला होता. कारखान्यांच्या वकिलानं आमचाच अहवाल मोठ्यानं वाचला. मॅडमनी उठून चूक सांगितली, मुदत मागितली. समितीच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, “हे नमुने कोणी धुतले?”

मनुबाई पदर सावरत पुढे आली. “मी, सायेब.”

“कोणाच्या सांगण्यावरून?” वकिलानं विचारलं.

तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. आमच्याच प्रयोगशाळेनं सांगितलं, एवढं मी उभं राहून म्हटलं असतं, तर अहवाल रद्द होऊन फेरतपासणी झाली असती. नोकरीत कायम व्हायला मला चार महिने उरले होते. मी बसूनच राहिलो. त्या बसण्याची लाज मला आजही वाटते.

“कुनाच्या नाय,” मनुबाई म्हणाली. “माज्या मनान आला, म्हून धुतला. कालेजाचा काय दोस नाय. पन सायेब, खाडी मरतेय आमची. येकडाव परत तपासा. मी चिखलासकट आनून देते, तुमच्या म्होरं आनून देते.”

“अहवाल विरुद्ध गेल्यावर बाईंना धुतल्याचं आठवलं,” वकील म्हणाला. दोघेतिघे हसले. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं आणि पुराव्याअभावी अर्ज निकाली काढला. नाला होता तसाच वाहत राहणार होता.

मी व्हरांड्यात येऊन उभा राहिलो. खाली आवारात गावाचा टेम्पो होता. सगळे चढले. मनुबाई मागच्या फाळक्याशी जाऊन थांबली. चढू नकोस असं तिला कुणी म्हटलं नाही, पण कुणी सरकून जागाही दिली नाही. गोमाजी ड्रायव्हरशेजारी समोर बघत बसला होता. थोडा वेळ वाट पाहून तिनं स्वतःच फाळका वर उचलला, कडी घातली आणि पत्र्यावर दोनदा थाप मारली. टेम्पो फाटकाबाहेर जाईपर्यंत ती तिथंच उभी होती. मग पदर खोचून ती स्टेशनच्या दिशेनं चालू लागली.